मिरजेच्या तंबोऱ्यावर देव लागतोय : माहिती, शंका, तक्रारी (भाग १)

जवारीवाला
नमस्कार मंडळी. मी इथं वाचनमात्र असतो. आता लिहिणं भाग आहे, कारण गल्लीतलं प्रत्येक माणूस मलाच विचारतंय आणि चाचा कुणाशी बोलत नाहीत.

मिरजेत सतारमेकर गल्लीत चाचांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक पोटमाळा आणि आढ्याला टांगलेले भोपळे. श्रावण लागता लागता एक मर्दानी तंबोरा तयार झाला. लाकूड तूनचं. भोपळा मंगळवेढ्याचा, आमच्याकडं हा माल पहिल्यापासून पंढरपूर-मंगळवेढ्याकडूनच येतो. काळी एकला लावला, घोडीवर जवारी काढली, सूत सरकवलं, चारी तारा मिळाल्या. चाचांनी हात काढून घेतला. तंबोरा वाजतच राहिला.

चाचांनी विचारलं, "कौन है?" काही नाही. "भूत है क्या?" खर्जाची तार एकटी वाजली. "खुदा?" तर पंचम. चाचांनी तंबोऱ्यावर चादर टाकली आणि चहाला गेले.

तेव्हापासून पंचम म्हणजे होय आणि खर्ज म्हणजे नाही असं धरून आम्ही चाललोय. पहाटे चांगलं लागतं. जंक्शनवर गाड्यांची ये-जा वाढली की तारा उतरतात आणि मग लाईन तुटते. प्रश्न असतील तर इथं टाका, मी नंबरानं विचारतो. कारखान्यावर येऊ नका. काल एक गृहस्थ नारळ घेऊन आले आणि सरळ घोडीवरच फोडायला निघाले होते.

भडंग_कांदा_जादा
चाचांनी खुदा विचारलं आणि होय आलं. भोपळा मात्र मंगळवेढ्याचा, म्हणजे पलीकडं विठोबा पाहिजे. क्रॉस कनेक्शन झालंय का?

जवारीवाला
चाचांना विचारलं. म्हणाले, दर्ग्याच्या उरुसाला आणि देवळातल्या कीर्तनाला आमच्या घरानं एकाच लाकडाचे तंबोरे दिलेत. आजवर कुणी परत आणून दिला नाही.

निवृत्त_पदार्थविज्ञान
मी तीस-पस्तीस वर्षं मुलांना ध्वनी आणि प्रकाश शिकवला, त्यामुळे थोडं बोलतो. सर्वात आधी भोपळ्यात काही अडकलंय का ते पाहा. हे थट्टेनं म्हणत नाही. १९६४-६५ च्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीला पेन्झियस आणि विल्सन या दोघांना त्यांच्या मोठ्या अँटेनात एक खरखर ऐकू यायची. कुठंही वळवा, खरखर तेवढीच. आत कबुतरांनी घरटं केलं होतं. कबुतरं हाकलली, विष्ठा खरवडून काढली, तरी खरखर होतीच. ती विश्वाच्या जन्मानंतर उरलेली ऊब निघाली, आज ती निरपेक्ष शून्याच्या वर २.७ अंश आहे. १९७८ साली दोघांना नोबेल मिळालं. म्हणून आधी कबुतर, मग देव, या क्रमानं जावं.

जवारीवाला
सर, पाल निघाली. काढली. तंबोरा बोलतोय.

भडंग_कांदा_जादा
पाल चुकचुकली म्हणून होय आलं असेल. नोबेल पालीला द्या.

पुरावा_द्या
काळी एकचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झ. खर्ज त्याच्या निम्म्यावर. शेजारून मालगाडी गेली तरी अशी तार अनुकंपनानं वाजते, त्याला देव लागत नाही. प्रश्न चाचा विचारतात, उत्तर कुठल्या तारेवर आलं ते चाचाच सांगतात. आंधळी चाचणी घ्या. प्रश्न विचारणाऱ्याला तंबोरा दिसता कामा नये आणि तंबोरा ऐकणाऱ्याला प्रश्न कळता कामा नये.

जवारीवाला
घेतली. मी पोटमाळ्यावर बसून कागदावरचे प्रश्न मनात वाचले, चाचा खाली कान लावून. "मी पोटमाळ्यावर आहे का" याला पंचम. "मी सध्या नागपूरला आहे का" याला खर्ज. "पुरावा_द्या यांचं समाधान होईल का" याला खर्ज.

पुरावा_द्या
शेवटचं उत्तर बरोबर आहे एवढं मान्य करतो.

जुनी_पोथी
साताऱ्याहून लिहितेय. यात नवल करण्यासारखं काय आहे? कौल लावणं म्हणजे दुसरं काय होतं? मूर्तीला फूल चिकटवायचं, उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. चाचांनी फुलाच्या जागी तार लावली, इतकाच फरक.

निवृत्त_पदार्थविज्ञान
अगदी बरोबर. कौल म्हणजे एका बिटाची, म्हणजे एका होय-नाहीची, वाहिनी. शॅनननं १९४८ साली माहिती मोजायचं गणित मांडलं त्याच्या कितीतरी आधी आपले गुरव ती चालवत होते. एक बिट म्हणजे अगदीच थोडं, असं समजू नका. प्रश्न शहाणपणानं निवडले तर वीस होय-नाहींत १०,४८,५७६ शक्यतांमधून नेमकी एक वेगळी काढता येते. फक्त ते वीस प्रश्न एकाच माणसानं, एकाच दिशेनं विचारले पाहिजेत.

पेवातली_हळद
राजापुरी हळद विकू का अजून थांबू?

आयर्विन_पंचेचाळीस
कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचे दरवाजे उघडणार का? आज सांगलीत आयर्विन पुलाला पाणी ३८ फूट आहे, ४० ला इशारा, ४५ ला धोका. कोयना भरत आलीय. बाकीचे प्रश्न थांबू द्या.

बेदाणा
तासगावहून. छाटणी सप्टेंबरातच उरकावी की ऑक्टोबरात? मागच्या खेपेला फुलोऱ्यात पाऊस आला आणि सगळा माल गेला.

सौ_विश्रामबाग
मुलीचं पत्रिकेवरून अडलंय. विचारा, पण नाव नका सांगू.

भडंग_कांदा_जादा
सर, वीस प्रश्नांची एकच दिशा सापडली का?

पुणेकर_मूळचा_मिरजेचा
हे असं गल्लीत बसून करण्याचं काम नाही. आमच्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. एखाद्या जाणकाराला गाठून ही गोष्ट पुण्याकडे सोपवावी.

जवारीवाला
चाचा म्हणतात, तीस तबकड्या असून त्यांना लागला नाही, मग त्यांना भोपळा पाहिजे असेल तर ऑर्डर द्यावी. ॲडव्हान्स निम्मा.

जवारीवाला
कालच्या पहाटेची उत्तरं :
हळद विकू का : खर्ज.
आलमट्टी उघडणार का : पंचम, लगेच खर्ज, परत पंचम.
छाटणी सप्टेंबरात का : पंचम.
सौ. वहिनींचा प्रश्न : बराच वेळ काही नाही, मग चारी तारा एकदम.

आयर्विन_पंचेचाळीस
आलमट्टीचं उत्तर सरकारी दिसतंय.

सौ_विश्रामबाग
चारी तारा म्हणजे काय समजायचं?

भडंग_कांदा_जादा
सनई-चौघडा, वहिनी. हॉल बघायला लागा.

जवारीवाला
व्यवस्थापक साहेब, एक विनंती. दर खेपेला मी मधे कशाला? देवाच्या नावानं इथंच आयडी काढून द्यायचा प्रयत्न केला, पण जन्मतारखेची यादी १९२० ला संपते. "अनादी" लिहिलं तर लाल होतं. राहण्याचं ठिकाण "सर्वत्र" टाकलं तर म्हणतं एकच पर्याय निवडा.

व्यवस्थापक
नियम सर्वांना सारखे. शिवाय भ्रमणध्वनीवर आलेला क्रमांक टाकावा लागेल. आणि सर्व सभासदांना सूचना : ज्यांचा आयडी नाही अशा व्यक्तीबद्दल एकेरीत लिहू नये, ती इथं येऊन खुलासा करू शकत नाही.

जुनी_पोथी
विठोबाला अहोजाहो? जनाबाईनं त्याला शिव्या घातल्यात हो.

व्यवस्थापक
त्या या संस्थळाच्या सभासद नव्हत्या.

निवृत्त_पदार्थविज्ञान
होय-नाहीचा आता कंटाळा आला असेल, मलाही आलाय. मी एक तक्ता केलाय. पंचम म्हणजे १, खर्ज म्हणजे ०. सहा ठोक्यांत ६४ चिन्हं बसतात. व्यंजनं, स्वर, काना-मात्रा, अनुस्वार सगळं मावून वर पूर्णविराम. काल रात्री मिरजेला जाऊन चाचांच्या शेजारी बसलो आणि सबंध तक्ता तंबोऱ्याला दोनदा वाजवून ऐकवला. चाचांनी मधे एकदाच विचारलं, "ये कौनसा राग है?"

एक निरीक्षण नोंदवून ठेवतो. भोपळ्याचा व्यास मोजला, बेचाळीस सेंटिमीटर भरला. हायड्रोजनची रेडिओलहर २१ सेंटिमीटरची, १४२० मेगाहर्ट्झ. परग्रहावरचं कुणी बोलायचं म्हटलं तर याच लहरीवर बोलेल असं शास्त्रज्ञ फार वर्षं म्हणत आलेत. भोपळा बरोब्बर दुप्पट.

पुरावा_द्या
माझ्या घरातली परात पण बेचाळीसची आहे.

भडंग_कांदा_जादा
लावून बघा. पोळीपाटावर एखादा छोटा देव तरी लागेल.

जवारीवाला
निरोप आला! अक्षरश: अक्षर-अक्षर करत. रात्रभरात एवढाच :

तार उतरली

चाचांनी खुंटी पिळली, मणी सरकवला. खरंच जोडीची एक तार केसभर उतरली होती. चाचा पहिल्यांदा घाबरले. म्हणाले, याला कान आहे.

भडंग_कांदा_जादा
विश्वाच्या पलीकडून माणसाला आलेला पहिला निरोप म्हणजे "बेसूर आहात". हसून हसून पुरेवाट.

जवारीवाला
दुसरा निरोप : दळण जालें

पुणेकर_मूळचा_मिरजेचा
"जालें" नव्हे, "झाले". देवानं तरी शुद्धलेखन पाळावं. आणि तो अनुस्वार कशाला?

निवृत्त_पदार्थविज्ञान
माझ्या तक्त्यात ज आणि झ शेजारी आहेत, एका ठोक्याचा फरक. वाहिनीत गोंगाट असला की असं होतं. बहुधा प्रश्नचिन्हही गळालंय.

सौ_विश्रामबाग
अहो, हे मला आहे! गणपती आठ दिवसांवर आले आणि मोदकाची पिठी अजून दळून आणली नाही. गिरणीवाल्याकडे तांदूळ परवापासून पडलाय. मी कुणाला बोलले नव्हते हो. अंगावर काटा आला.

भडंग_कांदा_जादा
वहिनी, देवाला मोदकाची काळजी असणारच.

जवारीवाला
तिसरा, पहाटे चारला : जेविला नाही अजून

सौ_विश्रामबाग
आमचे हे! काल उशिरा आले आणि तसेच झोपले. देवा.

पेवातली_हळद
सगळे निरोप वहिनींनाच येतात. हळदीचं काय? खर्ज वाजला म्हणून मी थांबलो, या आठवड्यात दर आणखी खाली आला. हरिपूरला आमची पेवं होती तेव्हा जमिनीच्या पोटात दोन-दोन वर्षं माल ठेवायचो आणि देवाला कधी विचारलं नाही. बरं चाललं होतं.

आयर्विन_पंचेचाळीस
४३ फूट. कर्नाळ रोडची, सूर्यवंशी प्लॉटमधली माणसं शाळेत हलवलीत. २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा आम्ही गच्चीवर होतो, त्यामुळे आता कुणी वाट बघत बसत नाही. कुणी जागं असेल तर तंबोऱ्याला विचारा.

जवारीवाला
विचारलं नव्हतं, आपोआपच आला. नेहमीसारखा सावकाश नाही, ठोके एकमेकांवर चढत होते. सर आणि मी दोघांनी वेगवेगळा लिहून घेतला, जुळला :

भिंती खचली परता होय परता होय

आयर्विन_पंचेचाळीस
परता होय? म्हणजे परत गेलं तर चालेल? शाळेतल्या माणसांना सांगू का? लोक कंटाळलेत, घरी चोऱ्या होतील म्हणून भीती आहे. काही जण निघायच्या तयारीतच आहेत. पण भिंत कुठली? नदीकाठची?

जुनी_पोथी
थांबा. कुणालाही घरी पाठवू नका. परता होय म्हणजे परत जा नव्हे. परता हो म्हणजे बाजूला हो, लांब सर. जुन्या पोथ्यांत असंच येतं.

आणि सर, तुमचा तक्ता बरोबर आहे. "जालें" ही चूक नव्हे, ज्ञानेश्वरीत "जालें" असंच आहे. हे निरोप आपल्याला नाहीत. आपल्या भाषेतसुद्धा नाहीत. दळण कुणाचं? देव जात्याला हात लावायचा तो जनीच्या. जेवला का नाही याची पंचाईत कुणाशी? नैवेद्य खा म्हणून हट्ट धरून बसलेल्या नामदेवाशी. तार वीणेची असेल. हे सगळे चौदाव्या शतकातले लोक आहेत.

भिंत मंगळवेढ्याची आहे. १३३८. गावकुसाचं बांधकाम चाललं होतं, चोखोबा त्यावर राबत होते. ती कोसळली, खाली मजूर गाडले गेले, चोखोबाही. मागाहून नामदेव तिथं गेले आणि ढिगाऱ्यातली हाडं एकेक करून कानाला लावली. ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं तेवढी उचलून पंढरपूरला नेली, अशी कथा आहे. समाधी महाद्वारापाशी आहे, बघितली असेल सगळ्यांनी.

भोपळा मंगळवेढ्याचा आहे म्हणालात ना?

जवारीवाला
होय.

आयर्विन_पंचेचाळीस
शाळेतून कुणी हललेलं नाही. पाणी ४३ वर थांबलंय.

निवृत्त_पदार्थविज्ञान
झोप लागली नाही, म्हणून आकडेमोड केली. चुकली असेल तर दाखवून द्या.

निरोप प्रकाशाच्या वेगानं येतो असं धरू. मंगळवेढ्याची भिंत पडली तो उजेड वर पोचायला काही वर्षं, वरून ओरडलेलं खाली यायला तेवढीच. १३३८ पासून आजपर्यंत जेवढा काळ गेला त्याच्या निम्मं, म्हणजे साधारण ३४४ प्रकाशवर्षं. अगस्तीचा तारा सुमारे ३१० वर आहे, कृत्तिका सुमारे ४४० वर. त्या दोहोंच्या मधे कुठंतरी.

भडंग_कांदा_जादा
आष्ट्याच्या पुढं, पेठनाक्याच्या अलीकडं. यष्टी थांबत नाही.

निवृत्त_पदार्थविज्ञान
म्हणजे त्यानं भिंत खचताना पाहिली ती १६८२ च्या आसपास. खाली तेव्हा संभाजीराजांचं राज्य होतं. त्याला वाटलं आत्ताच खचतेय. तो लगेच ओरडला, ठोके एकमेकांवर चढले ते त्यामुळेच. ते ओरडणं परवा मिरजेत पोचलं.

हाच हिशोब पुढं चालवा. आपला आयर्विन पूल १९२९ चा. तो त्याला २२७३ साली दिसेल. २०१९ चा पूर २३६३ साली. तेव्हा तो नक्की म्हणणार, वर चढा, गच्चीवर जा. ते आपल्याकडं ऐकू येईल २७०७ ला.

आयर्विन_पंचेचाळीस
म्हणजे त्या आठवड्यात गच्चीवरनं आम्ही जे काय ओरडलो ते अजून वाटेतच आहे?

निवृत्त_पदार्थविज्ञान
वाटेत आहे. अजून अगस्तीही फार लांब.

जवारीवाला
चाचांना हे सगळं वाचून दाखवलं. तंबोरा आडवा घेऊन भोपळ्याला कान लावून बसलेत. दुकान बंद ठेवलंय.

पुरावा_द्या
मी मुद्दाम उशिरा लिहितोय, कारण परवा रात्री लिहिणं बरं दिसलं नसतं. पण प्रश्न आहे तो आहेच. निरोप साडेतीनशे वर्षांपूर्वी निघाला. सरांचा सहा ठोक्यांचा तक्ता दहा दिवसांपूर्वीचा. मग तो निरोप सरांच्या तक्त्यात कसा काय आला?

बेदाणा
देव आहे म्हटल्यावर त्याला तक्ता आधीच माहीत असणार.

पुरावा_द्या
पुढं होणारा तक्ता माहीत, आणि भिंत पडून गेलीय हे माहीत नाही?

निवृत्त_पदार्थविज्ञान
या धाग्यावरचा हा सर्वांत चांगला प्रश्न आहे. माझ्याकडं उत्तर नाही. त्याला विचारून ठेवलाय, सातेकशे वर्षांत कळेल.

जुनी_पोथी
मला एवढंच दिसतं, की तो बघत होता. आमच्याकडं कीर्तनात नेहमी विचारतात, चोखोबा गाडला जात होता तेव्हा विठ्ठल कुठं होता. लांब होता.

पुरावा_द्या
हे मान्य करायला मला देव मान्य करावा लागतो, म्हणून करत नाही. पण वाचून बराच वेळ खिडकीत उभा होतो.

पेवातली_हळद
ते सगळं ठीक आहे, पण मग मला आलेला खर्ज कुणाचा होता? "विकू का" याला "नाही" म्हणाला ना तो?

भडंग_कांदा_जादा
१३३८ साली कुणीतरी विचारलं असेल, बैल विकू का. त्याला नाही सांगितलं. त्याचा बैल वाचला नाही आणि तुमची हळद अडकली.

पेवातली_हळद
ही नुकसानी कुणी भरायची? धागाकर्त्यानं वर कुठंही लिहिलं नव्हतं की उत्तरं दुसऱ्याची आहेत.

व्यवस्थापक
या संस्थळावरील मजकुरावर विसंबून केलेल्या व्यवहारांची जबाबदारी व्यवस्थापनाची नाही. देवाची आहे किंवा कसे, यावर इथं चर्चा नको.

बेदाणा
मी पण सप्टेंबराची तयारी केली होती. आता ऑक्टोबरातच छाटणार, जसा दरवर्षी छाटतो. पण आपण आज काहीतरी पाठवूया की. आपल्या नातवंडांच्या नातवंडांना उत्तर मिळंल.

निवृत्त_पदार्थविज्ञान
१९७४ साली अरेसिबोच्या दुर्बिणीवरून १६७९ बिटांचा निरोप पाठवला होता, एका तारकागुच्छाकडे. तो सुमारे २५ हजार प्रकाशवर्षांवर. उत्तर मिळायचंच झालं तर पन्नास हजार वर्षांनी. त्या मानानं आपला देव जवळचा आहे.

आयर्विन_पंचेचाळीस
मग पुराचं सांगून ठेवूया. तारखा, फूट, सगळं. २००५, २०१९, २०२१. आलमट्टीची उंची ५१९.६० मीटर आहे आणि वाढवायचं चाललंय, हेही कळवा.

निवृत्त_पदार्थविज्ञान
त्यात एक अडचण आहे. आपला निरोप आणि जमिनीवरचा उजेड एकाच वेगानं धावतात. २०१९ चा पूर निघून गेलाय, तो पुढं आहे. आपण आज धाडलेली खबर त्याच्या मागूनच पोचणार. घडून गेलेलं काहीही सांगा, ते त्यानं आधी पाहिलेलं असेल. नवी माहिती एकच देता येईल, जी अजून घडलेली नाही.

बेदाणा
म्हणजे नवस.

निवृत्त_पदार्थविज्ञान
तत्त्वतः होय. "अमुक करीन" हेच त्याला आधी दिसलेलं नसतं. इतकी वर्षं पदार्थविज्ञान शिकवून मी इथं येऊन पोचेन असं वाटलं नव्हतं.

भडंग_कांदा_जादा
पण नवस फेडला नाही तर तेही दिसणारच की त्याला.

निवृत्त_पदार्थविज्ञान
दिसेल. थोडं उशिरा.

पुणेकर_मूळचा_मिरजेचा
मजकुराचा मसुदा मी करून देतो. भाषा जरा बरी असावी, प्रश्न साडेतीनशे वर्षांचा आहे.

सौ_विश्रामबाग
मी एक केलंय, रागावू नका. काल मिरजेला दवाखान्यात जायचं होतं, तशीच गल्लीत गेले. चाचा भले आहेत, चहा दिला. सरांचा तक्ता भिंतीवर लावलाय त्यावरून मी आपलं एक बोट ठेवत वाजवलं : "होय, दळण झाले. जेवण पण झाले." जनाबाईला विचारलेलं इतकी वर्षं कुणी उत्तर दिलं नव्हतं ते बरं वाटेना.

पुणेकर_मूळचा_मिरजेचा
सबंध मानवजातीच्या वतीनं पहिला अधिकृत निरोप, आणि "दळण झाले"? मसुदा चर्चेत असताना?

पुरावा_द्या
मला यात काही गैर वाटत नाही. निदान विधान तपासून बघता येण्यासारखं आहे. दळण झालं का, वहिनी?

सौ_विश्रामबाग
नाही ना! गिरणीवाला म्हणतो वीज नव्हती. उद्या देतो म्हणालाय.

भडंग_कांदा_जादा
देवाला खोटं सांगितलंत. २३७० च्या आसपास पकडले जाणार तुम्ही.

बेदाणा
खोटं कशाला, घडायचं आहे म्हणजे नवसच झाला. सर, बरोबर ना?

जवारीवाला
वहिनींनी वाजवल्यापासून तंबोरा गप्प आहे. बिघडलेला नाही, चाचांनी बघितला, चारी तारा मिळालेल्या आहेत. एक गायक विकत मागायला आले होते, चाचांनी दुसरा दाखवला.

सातारी_कंदी
पिठीचा विषय निघालाच आहे तर, आंबेमोहोर घेताय ना? तांदूळ धुऊन सावलीत वाळवला पाहिजे, उन्हात टाकला की पारीला चिरा पडतात.

सौ_विश्रामबाग
आमच्याकडे आंबेमोहोरात मूठभर बासमती तुकडा घालतात, उकड पांढरीशुभ्र होते.

सातारी_कंदी
बासमतीनं चिकटपणा जातो. आमच्या सासूबाईंनी असला मोदक ताटात घेतला नसता.

जुनी_पोथी
निव्वळ आंबेमोहोर. आणि उकडीत पाण्याबरोबर थोडं दूध.

व्यवस्थापक
विषयांतर होत आहे. पिठीसाठी पाककृती विभागात वेगळा धागा काढावा. इथं फक्त देवाबद्दल.

सातारी_कंदी
नैवेद्य देवाचाच आहे हो.

नवा_सभासद_कुपवाड
धागा मोठा आहे म्हणून सगळा वाचला नाही. आलमट्टीचं काय ठरलं?